दूरचं दुःख आणि आपले रिकामे हात

दाभोळखाडी

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार मंडळी.

एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज लिहायला बसले, कारण घरात बोलून झालं, फोनवर नवऱ्याशी बोलून झालं, तरी मनावरचं ओझं उतरत नाही.

गाझाचं काही बघायचं नाही असं ठरवलं तरी फोन उघडला की समोर येतंच. धाकट्या बहिणीला पाठंगुळी घेऊन धुळीतून अनवाणी चालणारी एक मुलगी मी पाहिली, ती डोळ्यांसमोरून हलत नाही. मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात तिच्याच वयाच्या मुली आहेत. डब्यातली अर्धी भाकरी तशीच टाकून खेळायला पळतात. त्यांना ओरडायला तोंड उघडते आणि शब्द घशात अडकतो, कारण खरी चूक त्यांची नाहीच.

गाझा झालं, सुदान झालं. रोहिंग्यांची आठवण तर आता कोणी काढतही नाही. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांवर माणसं म्यानमारमधून बांगलादेशात आली, ती अजून कॉक्स बाजारच्या झोपड्यांतच आहेत.

मक्तबमध्ये, म्हणजे आमच्या दीनी शिकवणीच्या वर्गात, मुलींना एक हदीस (पैगंबरांचं वचन) मी दरवर्षी शिकवते. वाईट घडताना दिसलं तर हाताने थांबवा, ते जमलं नाही तर जिभेने, तेही जमलं नाही तर निदान मनात वाईट माना, आणि हे सर्वांत दुबळं ईमान, म्हणजे श्रद्धा. आता तीच हदीस मला टोचते. माझे हात तिथे पोहोचत नाहीत. माझ्या बोलण्याला विचारतो कोण? मग मी त्या शेवटच्या पायरीवरच राहिले का? दुवा मागते, डोळे पुसते, आणि थोड्या वेळाने पोरांना हसवत जेवायला वाढते. याला रहम म्हणायचं का? माझ्या ईमानात काही कमी आहे का? जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

---

रानजाई

ताई, मी मुस्लिम नाही, त्यामुळे हदीसबद्दल काही बोलू शकत नाही. एवढंच सांगते की रात्री दोन वाजता जाग आली की मलाही हेच दिसतं. या बाबतीत तुम्ही एकट्या नाही आहात.

---

सालमियाकर

बेटा, वालेकुम सलाम.

मी मूळचा श्रीवर्धनकडचा, पण उमर गेली कुवेतमध्ये. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य आत शिरलं तेव्हा मी तिथेच होतो. दुकानं बंद, पगार बुडाला, बँकेत ठेवलेल्या दिनारचा कागद झाला. आम्ही कोकणातली पोरं एका बसमध्ये बसून बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेवर पोहोचलो. पुढे वाळवंटात तंबू. दिवसा अंग भाजायचं, रात्री थंडी वाजायची, पाण्यासाठी रांग. घरी जिवंत असल्याची खबर द्यायलाही सोय नव्हती. अम्मानहून एअर इंडियाची विमानं सुटायची. त्या विमानांनी दीड लाखाहून जास्त हिंदी माणसं मायदेशी आणली, हे नंतर कळलं. तिथे असताना फक्त आपला नंबर कधी लागतो एवढंच डोक्यात.

त्या तंबूंपाशी जॉर्डनची साधी माणसं गाडी घेऊन यायची. खुबूस (तिकडची रोटी), टोमॅटो, पाणी. त्यांतले कित्येक मूळचे फलस्तीनी, स्वतःच्या गावातून कधीकाळी हाकललेले. एक म्हातारा रोज यायचा. आमची भाषा त्याला येत नव्हती, त्याची आम्हाला अर्धी कळायची. खुबूस हातात ठेवायचा आणि डोक्यावर हात फिरवायचा. सद्दामला थांबवणं त्याच्या हातात नव्हतं, अमेरिकेला थांबवणंही नव्हतं. मला आज सत्तरी उलटल्यावर त्या लढाईतलं फार काही आठवत नाही, पण तो म्हातारा आठवतो. त्याच्यासाठी मी अजून दुवा करतो.

ज्याच्यावर वेळ येते त्याला छोटी मदत छोटी वाटत नाही, हे मी तिथे उभा राहून पाहिलंय. म्हणून तुला सांगतो.

---

पंचगंगा

दाभोळखाडी आपा, सलाम. मी कोल्हापूर भागात एका मदरशात शिकवतो. तुमच्या प्रश्नाला घाईत उत्तर देणं बरोबर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगितलेली हदीस सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे, हजरत अबू सईद खुदरी यांच्याकडून आलेली. त्यात प्रत्येक पायरीला ‘जमलं नाही तर’ ही अट आहे आणि ती अट रसूलुल्लाह, म्हणजे पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, यांनी स्वतः घातलेली आहे. ज्याचा हात खरोखरच पोहोचत नाही, त्याच्यावर हाताची जबाबदारीच नाही. अल्लाह कुणावरही त्याच्या कुवतीबाहेर भार टाकत नाही, हे सूरह बकराच्या शेवटच्या आयतीत आपण रोज वाचतो. पोहोचत असूनही जो खिशात हात घालून उभा राहतो, त्याने घाबरावं.

आता जो प्रसंग सांगतो तो मला तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा वाटतो. हिजरी सन ९, तबूकची मोहीम. ऐन उन्हाळा, लांबचा पल्ला, वाहनं कमी. काही गरीब सहाबा, म्हणजे पैगंबरांचे साथी, आले आणि म्हणाले, आम्हाला सोबत न्या. रसूलुल्लाहंनी सांगितलं, तुम्हाला बसवायला माझ्याकडे जनावर नाही. ते परतले, आणि खर्च करायला आपल्याकडे काही नाही या दुःखाने त्यांचे डोळे वाहत होते. हे वर्णन माझं नाही, सूरह तौबाच्या ९२ व्या आयतीत आहे. अल्लाहने त्यांना दोष दिला नाही. उलट त्यांचं रडणं कुरआनात कायमचं नोंदलं गेलं. दोष आला तो सगळं असून घरी बसलेल्यांवर.

मोहिमेवरून परतताना रसूलुल्लाह सहाबांना म्हणाले की मदिनेत मागे राहिलेली काही माणसं अशी आहेत, जी तुम्ही ओलांडलेल्या प्रत्येक दरीत तुमच्यासोबत होती. लोकांनी विचारलं, मदिनेत बसून? उत्तर आलं, हो, मदिनेत बसून, अडचणीमुळे ती थांबली होती.

त्या रडणाऱ्यांपैकी हजरत उलबा बिन जैद यांच्याबद्दल सीरतच्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्राच्या, किताबांत असं येतं की ते रात्री नमाजला उभे राहिले आणि म्हणाले, या अल्लाह, माझ्याकडे सदका (स्वेच्छेचं दान) द्यायला काहीच नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्यावर जुलूम केला त्यांना मी माफ केलं, हाच माझा सदका. सकाळी त्यांना कबुलीची खुशखबर मिळाली. म्हणजे हात पूर्ण रिकामे असतानाही त्या माणसाने देण्यासारखं काहीतरी शोधून काढलं. आपण याच्यावर विचार करावा.

दुसरं, रडणं म्हणजे ईमान कमी असणं नव्हे. मुलगा इब्राहिम मांडीवर शेवटचे श्वास घेत होता तेव्हा रसूलुल्लाह स्वतः रडले. हजरत याकूब यांचे डोळे दुःखाने पांढरे पडले, तरी ते अल्लाहचे नबीच राहिले. ते एवढंच म्हणाले की मी माझं दुःख अल्लाहकडे मांडतो.

आणि तिसरं, जे तुम्हाला खास सांगायचं आहे. सूरह कहफच्या सुरुवातीला अल्लाह आपल्या नबींनाच विचारतो, हे लोक ऐकत नाहीत म्हणून दुःखाने तुम्ही स्वतःचा जीव घेणार आहात का? जुम्म्याला ही सूरह वाचताना मी त्या आयतीवर थांबतो. जगातल्या सर्वांत दयाळू माणसालाही दुःखात बुडून जायची परवानगी मिळाली नाही. पोरांना हसवत जेवायला वाढणं ही तुमच्यावर सोपवलेली अमानत आहे, आपा. त्याची लाज वाटून घेऊ नका.

---

दाभोळखाडी

मौलाना, जजाकल्लाह. तबूकच्या मोहिमेबद्दल ऐकलं होतं, पण मदिनेत राहिलेल्यांबद्दलची हदीस मला माहीत नव्हती. दोनदा वाचली. मुलींना ही सांगणार.

सालमियाकर चाचा, तुमचं वाचून अब्बांची आठवण झाली. तेही दोहाला होते.

आमच्याकडे सगळे शाफई मसलकाचे (फिकहच्या परंपरेचे), त्यामुळे फजरला, पहाटेच्या नमाजीत, कुनूत ही उभ्याने मागायची दुवा रोजच होते. अलीकडे पेशइमाम त्यात मजलूम (जुलूम सोसणाऱ्या) लोकांसाठी दुवा जोडतात आणि मागच्या सफेतल्या म्हाताऱ्यांचे हुंदके बायकांच्या खोलीपर्यंत ऐकू येतात. तुमच्याकडे हनफींमध्ये कसं असतं?

---

पंचगंगा

आमच्याकडे कुनूत रात्रीच्या वित्र नमाजीत. फजरला फक्त मोठी आपत्ती आली की कुनूते नाजिला पढतात. त्याला आधार बिअर मऊनाचा. हिजरी सन ४ मध्ये कुरआनचे सुमारे सत्तर कारी (पठण करणारे) दगा करून मारले गेले, तेव्हा रसूलुल्लाहंनी महिनाभर कुनूत पढली. म्हणजे दूरच्या माणसांसाठी जमातीने मिळून, नाव घेऊन, रोज दुवा मागायची रीत त्यांचीच आहे.

---

तिसरी_मुंबई

सगळ्यांचा आदर ठेवून बोलतो. मी मुंब्र्याचा, वय चोवीस. मला या धाग्यात एक गोष्ट खटकते.

गाझासाठी सगळे रडतात, रडायलाच पाहिजे. पण सुदान? १५ एप्रिल २०२३ पासून तिथलं सैन्य आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांशी लढत आहेत. एक कोटीहून जास्त माणसं बेघर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं. अल फाशेर शहराला वेढा पडला होता, लोक जनावरांची पेंड खाऊन जगत होते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएसएफ आत शिरल्यावर कत्तल झाली. माझ्या ओळखीत किती जणांनी त्यावर स्टेटस ठेवलं? एकानेही नाही. मरणारे मुसलमान, मारणारेही मुसलमान, म्हणून आपली जीभ टाळ्याला चिकटते का? मारणारा परका असला तरच आपल्याला उम्मत, जगभरचा मुस्लिम समाज, आठवते का?

आणि फक्त मुसलमानांसाठीच रडायचं असेल तर तेही मला पटत नाही. युक्रेनमधली आई आई नाही का? मणिपूरमधली?

---

सालमियाकर

पोरा, बोललास ते बरोबर बोललास. राग ठेव, पण जपून वापर.

---

पंचगंगा

भाई, तुमच्या रागाला दीनमध्ये पूर्ण जागा आहे. सूरह निसामध्ये हुकूम आहे की इन्साफावर ठाम उभे राहा, मग तो तुमच्या स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात गेला तरी. रसूलुल्लाह एकदा म्हणाले, तुझ्या भावाला मदत कर, तो जालिम असो की मजलूम. सहाबा चक्रावले. मजलूमला मदत समजली, जालिमला कशी करायची? उत्तर मिळालं, त्याचा जुलूम करणारा हात धरून. ही हदीस बुखारीत आहे. सुदानबद्दल आपण गप्प बसतो तेव्हा याच हदीसकडे पाठ फिरवतो.

रागाबद्दल आणखी एक. ताइफच्या लोकांनी दगड मारून रसूलुल्लाहंचे पाय रक्ताळले. डोंगरांच्या फरिश्त्याने विचारलं, या लोकांना दोन डोंगरांमध्ये चिरडून टाकू का? ते नाही म्हणाले. यांच्या पोटी अल्लाहला मानणारी माणसं जन्मतील अशी मला उमेद आहे, म्हणाले. जुलमाविरुद्ध बोला, पुरावे घेऊन बोला. पण एखादा अख्खा समाज, अख्खी कौम मनातून पुसून टाकायची नाही. मी मदरशातल्या मुलांना हेच सांगतो, कारण व्हॉट्सअॅपवर त्यांना रोज उलटं शिकवलं जातं.

---

कोरडा_पाऊस

मी नास्तिक आहे. कुणाचं मन दुखवायचं नाही, पण मनापासून विचारतो. हे सगळं ज्याच्या इच्छेने चालतं असं तुम्ही मानता, त्याच्याकडेच मदत मागायची? लहान मुलं उपाशी मरताना त्याला दिसत नाहीत का?

---

दाभोळखाडी

दादा, हा प्रश्न विचारल्याबद्दल मला राग नाही. मीही रात्री विचारते, फक्त ज्याला विचारायचं त्यालाच विचारते.

अल्लाहने माणूस घडवायचा ठरवला तेव्हा फरिश्त्यांनीच विचारलं होतं, जमिनीवर फसाद करणारा, रक्त सांडणारा तू कशाला बनवतोस? सूरह बकरात आहे. त्यांना उत्तर मिळालं, तुम्हाला माहीत नाही ते मला माहीत आहे. म्हणजे हा प्रश्न कुरआनात पहिल्याच पानांत आहे आणि विचारणाऱ्यांना कुणी दरबारातून हाकललं नाही. मला त्या उत्तराने सगळं समजतं असं नाही. पण प्रश्न घेऊन त्याच्या दारात उभं राहता येतं, एवढं मला पुरतं.

दुसरी एक हदीसे कुदसी, म्हणजे अल्लाहचं बोलणं सांगणारी हदीस, आहे, मी ती वाचते तेव्हा अंगावर काटा येतो. कयामतच्या दिवशी अल्लाह विचारेल, आदमच्या लेका, मी भुकेला होतो, तू मला खायला दिलं नाहीस. माणूस म्हणेल, तू तर साऱ्या जगाचा पालनहार, तुला मी कसं खायला देणार? तेव्हा उत्तर येईल, माझा अमुक बंदा भुकेला होता, त्याला दिलं असतंस तर ते तुला माझ्यापाशी मिळालं असतं. तुम्ही विचारता, त्याला दिसत नाही का. त्या हदीसमध्ये तोच मला विचारतो, तुला दिसलं नाही का.

---

कोरडा_पाऊस

माझं मत बदललं नाही, पण असं नीट उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. शेवटचं वाक्य मनात राहील.

---

रंकाळा

पंचगंगा साहेब आपल्या भागातले दिसतात, म्हणून आपल्याकडची गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने लाखो पोलिश लोकांना सायबेरियाकडे हाकललं. १९४२ मध्ये त्यांतले बरेच जण सुटून कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरले, आजचं बंदर-ए-अंझली. अंगावर चिंध्या, उवा, टायफस, हाडांचे सापळे. इराणवर तेव्हा ब्रिटिश आणि रशियन फौजा बसल्या होत्या, अन्नधान्याची टंचाई होती. तरीही लोक किनाऱ्यावर खजूर आणि अंडी घेऊन आले. इस्फहानमध्ये तर इतकी पोलिश अनाथ मुलं ठेवली की त्याला पोलिश मुलांचं शहर म्हणायला लागले.

त्यांतली काही माणसं पुढे आपल्या कोल्हापुरात आली. वळिवड्याला १९४३ ते १९४८ छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आजही आहे, आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. माझी आजी त्या मुलांबद्दल सांगायची. गोऱ्या पोरी मराठीत भाव करून भाजी घ्यायच्या म्हणे.

इराणी मुसलमान, कोल्हापूरचे शेतकरी, पोलंडचे कॅथलिक. कुणाचा कुणाशी काय संबंध? हिटलर-स्टालिनपुढे यांच्यापैकी कुणाचंच काही चालणारं नव्हतं. माणसं दारात आली तेव्हा दार उघडं होतं.

---

रातपाळी

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, मूळची चिपळूणची. थोडक्यात लिहिते, ड्युटी आहे.

माझ्या वॉर्डात ज्यांच्या घरचे तिकडे अडकलेत अशा सहकारी आहेत. त्या बातम्या ठरावीक वेळी बघतात, झोपायच्या आधी कधीच नाही. तुटलेल्या मुलांचे व्हिडिओ पुढे पाठवत नाहीत, त्या मुलांचीही इज्जत असते म्हणतात. सतत बघत राहिलेली माणसं काही महिन्यांनी पार बधिर होतात, मग बातमी आली तरी पुढे सरकवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ताई, तुम्हाला अजून रडू येतंय ना, ते जपा.

२२ जुलै २०२१ ला आमच्या घरात माडीच्या पायरीपर्यंत वाशिष्ठीचं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळ, त्यात कुजलेलं धान्य. तुमच्या खाडीकडच्या गावांतून टेम्पो आले होते, तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि खोरी घेऊन. टोपी घातलेली पोरं आमच्या देवघरातला गाळ उपसत होती. देव बाहेर काढायच्या आधी एकाने आईला विचारलं, मावशी, आम्ही हात लावला तर चालेल ना? आई अजून हे सगळ्यांना सांगते.

---

दाभोळखाडी

रातपाळी, त्या भाकऱ्या भाजायला आम्ही मशिदीच्या मागच्या पडवीत बसलो होतो. तवे कमी पडले तेव्हा गावात घरोघरून आणले. तुझ्या आईला माझा सलाम सांग.

आता एक कामाचा प्रश्न, मौलानांना. रमजान जवळ आला. आमच्या जमातीत वाद चालू आहे की यंदाची जकात (दरवर्षीचं फर्ज दान) बाहेर, गाझा-सुदानसाठी द्यावी की गावात. गावात एक डायलिसिसवाला आहे, दोन विधवा आहेत, एका मुलीची नर्सिंगची फी अडली आहे. तरुण म्हणतात तिकडे द्या, म्हातारे म्हणतात इथे.

---

पंचगंगा

आपा, हजरत मुआज यांना येमेनला पाठवताना रसूलुल्लाहंनी सांगितलं होतं की जकात तिथल्या श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना द्यायची. त्यामुळे तुमच्या शाफई मसलकात, गावात हकदार असताना जकात बाहेर नेऊ नये हेच मुख्य मत आहे. आमच्या हनफींमध्ये बाहेर नेणं मकरूह (नापसंत), पण बाहेरचा नातेवाईक असेल किंवा गरज जास्त असेल तर चालतं. या वेळी म्हातारे शाफई मताला धरून आहेत. तरीही अखेरचा निर्णय तुमच्या काजीसाहेबांना विचारूनच घ्या.

पण तरुणांना निराश करायचं कारण नाही. जकात अडीच टक्के, तिचे आठ हकदार सूरह तौबात ठरलेले. सदक्याला अशी चौकट नाही. किती द्यायचा, कुणाला द्यायचा, कोणत्या धर्माच्या माणसाला द्यायचा, कसलीही अट नाही. जकात गावात ठेवा आणि दूरच्यांसाठी सदक्याची वेगळी पेटी ठेवा. अर्धा खजूर देऊन का होईना, आगीपासून स्वतःला वाचवा, असं रसूलुल्लाहंनीच सांगितलंय.

आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण देतो. २०२० च्या रमजानात, लॉकडाऊनमध्ये, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवून तिथल्या सरकारी आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. ईदचे कपडे, ईदचा खर्च बाजूला ठेवला. तिथे दाखल होणाऱ्याला कुणी धर्म विचारला नाही.

---

सालमियाकर

पैशांबद्दल मीही सांगतो. परदेशात पाठवायचे तर बँकेतूनच, नियम विचारून, पावती घेऊन. व्हॉट्सअॅपवर रडणाऱ्या बाळाच्या फोटोखाली क्यूआर कोड फिरतात, त्यांवर एक रुपया टाकू नका. आमच्या इथेही लोक फसले आहेत. नावाजलेली, हिशोब छापणारी संस्था बघा.

---

तिसरी_मुंबई

सदक्याच्या पेटीवर सुदानचं नावही लिहा. नाहीतर सगळे गाझाच समजतील.

---

दाभोळखाडी

लिहिते. दोन्ही नावं लिहिते, आणि रोहिंग्यांचंही.

शुक्रवारी जुम्म्यानंतर जमातीची बैठक आहे. बायका आत बसत नाहीत, पण माझे दीर सेक्रेटरी आहेत. मौलानांनी सांगितलेलं सगळं कागदावर उतरवून त्यांच्या हाती देते. डायलिसिसचं आधी लावते, त्याला आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला जावं लागतं आणि गाडीभाडंच परवडत नाही.

---

रानजाई

ताई, त्या दुसऱ्या पेटीत आमच्यासारख्यांनी पैसे टाकले तर चालतील का? की ते फक्त तुमच्यातलेच असायला हवेत?

---

पंचगंगा

चालतील ताई, अगदी आनंदाने. फक्त जकातीच्या हिशोबात मिसळू नयेत, त्याची वही वेगळी असते.

---

दाभोळखाडी

रानजाई, वही मीच लिहिणार आहे. बैठक झाली की खाते क्रमांक आणि कोणत्या संस्थेमार्फत पाठवायचं ठरलं ते विचारून तुम्हाला वैयक्तिक संदेशात कळवते, इथे उघडपणे टाकत नाही. डायलिसिसवाल्यासाठी द्यायचं असेल तर तेही वेगळं सांगा. त्याला रक्ताची बाटलीही लागते कधीकधी, बी पॉझिटिव्ह. रत्नागिरीत कुणी ओळखीचं असेल तर विचारून ठेवा.